डेबियन १३ वर आलो, आता आप्ट म्हणतं सोर्सेस मॉडर्नाइझ करा. करू का?

मिरजकर_पेंग्विन
नमस्कार मंडळी. एका सीए ऑफिसची मशीन्स सांभाळतो मी, मिरजेत, सगळीकडे डेबियन लिनक्स आहे. त्यातली निम्मी १२ वरून १३ वर आणली, म्हणजे बुकवर्मवरून ट्रिक्सीवर, अपग्रेड एकदम निवांत झालं काही तक्रार नाही. पण आता आप्टने (पॅकेजेस बसवणारा आणि अपडेट करणारा डेबियनचा प्रोग्राम) आप्ट अपडेट मारलं की शेवटी एक नोटीस येते, काही सोर्सेस (पॅकेजेस कुठून आणायची त्या पत्त्यांच्या याद्या) मॉडर्नाइझ करता येतील, आप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस चालवा. आणि तेच ऑडिट ऑप्शन लावून चालवलं तर मोठी यादीच येते, साइन्ड-बाय नाहीये, डेब८२२ फॉरमॅटवर जायचा विचार करा, वगैरे वगैरे. एरर नाहीये, अपडेट्स येतायत. माझ्याकडे मुख्य सोर्सेस-डॉट-लिस्ट आहे, शिवाय फोल्डरमध्ये एका ब्राउझरची, पोस्टग्रेस डेटाबेसची, आणि प्रिंटरवाल्या कंपनीच्या रेपोची (रेपो म्हणजे पॅकेजेस ठेवलेला सर्व्हर) अशा तीन लिस्ट फायली आहेत. कमांड बिनधास्त चालवू का आधी काही बघू? महिनाअखेर आहे, काही बिघडलं तर साहेब डोकं खातील.

ता.क. फोनवरून लिहितोय आणि कीबोर्ड मराठीच आहे, म्हणून कमांड पण देवनागरीत. समजून घ्या.

टर्मिनलवाली
चालव, पण आधी दोन मिनिटं काढून हे काय चाललंय ते बघ म्हणजे नंतर फायली उघडल्यावर घाबरायला होणार नाही. (आणि हो, मी पण देवनागरीतच लिहिते, टर्मिनलवर रोमनमध्ये टाकायचं हे सांगायला नको.)

जुनी पद्धत तुला पाठ असेल. एका ओळीत सगळं, आधी डेब, मग चौकटी कंसात ऑप्शन, मग पत्ता, मग रिलीजचं नाव, मग मेन कॉन्ट्रिब नॉन-फ्री. नवीन पद्धतीत, म्हणजे डेब८२२ मध्ये, हेच सगळं उभं लिहायचं, प्रत्येक गोष्टीला नाव देऊन:

टाइप्स: डेब
यूआरआयज: एचटीटीपी://डेब.डेबियन.ऑर्ग/डेबियन
सूट्स: ट्रिक्सी ट्रिक्सी-अपडेट्स
कंपोनंट्स: मेन कॉन्ट्रिब नॉन-फ्री नॉन-फ्री-फर्मवेअर
साइन्ड-बाय: /यूएसआर/शेअर/कीरिंग्स/डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग.जीपीजी

मग एक रिकामी ओळ, आणि खाली सिक्युरिटीचा असाच दुसरा गठ्ठा, कारण त्याचा पत्ता वेगळा आहे आणि सूट ट्रिक्सी-सिक्युरिटी. फाइलचं नाव डॉट-सोर्सेसने संपलं पाहिजे, डॉट-लिस्ट नाही. झालं, एवढंच.

हे काही आप्टवाल्यांनी काल शोधून काढलेलं नाही. ८२२ म्हणजे १९८२ सालचं आरएफसी ८२२, ईमेलच्या हेडरचं. डेबियनच्या पॅकेजची कंट्रोल फाइल, डीपीकेजीची स्टेटस फाइल, मिररवरच्या (पॅकेजेसची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरच्या) पॅकेजेस आणि रिलीज फायली, सगळं वर्षानुवर्षं याच रचनेत आहे. सोर्सेस-डॉट-लिस्ट हीच एकटी वेगळी राहिली होती. आप्टला ही फाइल वाचता यायला लागली १.१ आवृत्तीत, २०१५ च्या सुमारास. म्हणजे दहा वर्षं सोय पडून होती आणि कुणी हात लावत नव्हतं. ट्रिक्सीत आप्ट ३.० आलं आणि त्याने हळूच टोचायला सुरुवात केली इतकंच.

आता खरा मुद्दा. उभं का आडवं यात काही नाही, शेवटची ओळ महत्त्वाची आहे, साइन्ड-बाय. पूर्वी आपण काय करायचो, कुठलाही बाहेरचा रेपो लावायचा तर त्यांच्या साइटवरची ओळ कॉपी करायची, वीगेट करून की (रेपोची सही तपासायची डिजिटल किल्ली) आणायची आणि ती पाइप करून आप्ट-की ॲडला द्यायची. ती की सगळ्यांसाठी चालायची. म्हणजे प्रिंटरवाल्याची किल्ली प्रिंटरच्या खोलीपुरती नाही, सगळ्या वाड्याची. त्या किल्लीने कुणी नकली डेबियन मिरर सही करून तुझ्यापुढे ठेवला असता तर आप्टने मान डोलावली असती. साइन्ड-बाय लिहिलं की या रेपोला हीच की, बाकी कुणाची सही चालणार नाही.

आणि आप्ट-की ही कमांड ट्रिक्सीत नाहीच. तुझ्याकडे जुन्या स्क्रिप्ट असतील त्यात शोध, तिथे आधी बोंब होणार.

जुनं_ते_सोनं
वीस एक वर्षं एका ओळीत काम चालत होतं. व्हीआय उघड, बुकवर्म काढ ट्रिक्सी घाल, बाहेर ये. आता एका रेपोसाठी पाच ओळी, शिवाय मधली रिकामी ओळ विसरली की गोंधळ. साइन्ड-बाय पाहिजे तर ते जुन्या ओळीत कंसात पण लिहिता येतंच की! फॉरमॅट बदलायची गरज काय होती ते कुणी सांगा. चालतंय ते मोडू नका असं माझं स्पष्ट मत.

आणि एक, टर्मिनलवाली ताई, ते सिक्युरिटीचं एवढं कौतुक करताय तर हे पण सांगा ना की साइन्ड-बाय लावून सुद्धा प्रिंटरवाला त्याच्या रेपोत स्वतःची लिबसी (जवळपास सगळ्या प्रोग्राम्सना लागणारी मूळ लायब्ररी) ठेवू शकतो, व्हर्जन मोठी दिली की तुमचं आप्ट गुपचूप तीच घेणार. आणि पॅकेजची स्क्रिप्ट रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, म्हणूनच चालणार.

टर्मिनलवाली
दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य काका. साइन्ड-बायने ओळख पटते, इरादा नाही कळत. बाहेरच्या रेपोने आपल्यात काय घुसवावं यावर लगाम पाहिजे तर पिनिंग करायचं. प्रेफरन्सेस-डॉट-डी मध्ये एक छोटी फाइल, पॅकेज: स्टार, पिन: ओरिजिन आणि त्या रेपोचं होस्टनेम, पिन-प्रायॉरिटी: १००. मग एखादं पॅकेज डेबियनमध्ये पण असेल तर डेबियनचंच येणार, आणि जे फक्त तिकडेच मिळतं तेवढं तिकडून. (गंमत म्हणजे ही पिनिंगची फाइल पहिल्यापासून उभ्या फॉरमॅटमध्येच आहे, तिच्याबद्दल कधी कुणी तक्रार केलेली ऐकली नाही.) पण रेपो मुळात ज्याचा त्याच्यावरच विश्वास नसेल तर तो लावूच नये, त्याला कुठला फॉरमॅट काय करणार.

पहिल्या मुद्द्याचं. हो, कंसात साइन्ड-बाय चालतं, पण तिथे आख्खी की मावत नाही, फाइलचा पत्ता वगैरेच देता येतो. उभ्या फॉरमॅटमध्ये आख्खी की तिथेच चिकटवता येते. साइन्ड-बाय लिहून खालच्या ओळीपासून बिगिन पीजीपी वगैरे जसंच्या तसं, फक्त प्रत्येक ओळ एक स्पेस आत सरकवायची आणि जिथे रिकामी ओळ असेल तिथे स्पेस आणि एक टिंब द्यायचं. मग रेपो आणि की एकाच फाइलमध्ये, दुसऱ्या मशीनवर न्यायची तर एक फाइल उचलायची. उबुंटूने २३.१० पासून पीपीएसाठी (लोकांनी स्वतः बनवलेल्या पॅकेजेसचे रेपो) हेच सुरू केलंय.

शिवाय रेपो तात्पुरता बंद करायचा तर पुढे हॅश लावत बसायला नको, एनेबल्ड: नो अशी एक ओळ टाकायची. कुठल्या स्क्रिप्टला ते वाचता पण येतं. हॅश लावलेल्या ओळी म्हणजे कॉमेंट आहे की बंद केलेला रेपो, हे मशीनला कसं कळणार?

बाकी तुम्हाला घाई नाही काका. आप्टच्या मॅन पेजमध्येच लिहिलंय की एका ओळीची पद्धत २०२९ च्या आधी काढणार नाही.

जुनं_ते_सोनं
२०२९ ला मी रिटायर. मिटलं.

ठाणेकर_रूट
मिरजकर, कमांड चालवण्याआधी ती जे छापते ते *वाच*. सगळे नुसतं एंटर मारतात. त्यात सरळ लिहिलेलं असतं की ती कंसातले फक्त साइन्ड-बाय आणि ट्रस्टेड हे दोनच ऑप्शन सांभाळते, बाकी काही असेल तर तुमचं तुम्ही हाताने हलवा. आणि बहुतेक बाहेरच्या रेपोंच्या ओळीत कंसात आर्च=एएमडी६४ (म्हणजे फक्त ६४ बिटची पॅकेजेस) असतंच असतं! ते गळालं की ज्या मशीनवर आय३८६ पण जोडलेलं आहे, वाइन (विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा एखादं जुनं ३२ बिटचं काही चालवायला, तिथे प्रत्येक अपडेटला आप्ट सांगत बसतं की या रेपोत आय३८६ नाही म्हणून फाइल सोडून दिली. बिघडत काही नाही पण रोज कटकट. त्या गठ्ठ्यात आर्किटेक्चर्स: एएमडी६४ अशी ओळ घाल, गप्प बसतं.

चालवून फक्त बघायचं असेल तर विचारल्यावर एन दे, सिम्युलेशन होतं. वाय दिलं की जुन्या फायलींना मागे डॉट-बॅक लागतं आणि त्या तिथेच राहतात, आप्ट डॉट-बॅकवाल्या फायलींकडे ढुंकून बघत नाही, त्यामुळे परत फिरायचं झालं तर नावं बदलली की काम झालं.

अजून एक, ज्या रेपोची की कुठली ते तिला कळत नाही तिथे ती वॉर्निंग देते आणि साइन्ड-बाय रिकामं ठेवते. ते रिकामं तसंच सोडू नकोस, भर.

मिरजकर_पेंग्विन
चालवली. आधी एन देऊन बघितलं, मग एका टेस्ट मशीनवर वाय. डेबियनचं एकदम मस्त झालं, डेबियन-डॉट-सोर्सेस तयार, वर कॉमेंट पण आहे की कुठल्या फाइलवरून मॉडर्नाइझ केलंय, साइन्ड-बाय बरोबर भरलंय. पोस्टग्रेसचं पण झालं. ठाणेकर तुम्ही म्हणालात तसं आर्च गळालं होतं ते घातलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी अपडेट मारलं तर आता खरंच एरर. कॉन्फ्लिक्टिंग व्हॅल्यूज सेट फॉर ऑप्शन साइन्ड-बाय, पुढे ब्राउझरच्या रेपोचा पत्ता, एक पाथ, मग उद्गारचिन्ह बरोबर आणि पुढे काहीच नाही. खाली लिहिलंय सोर्सेसची यादी वाचता आली नाही. आता तर आप्ट काहीच करत नाही, इन्स्टॉल पण नाही अपडेट पण नाही. काल रात्री चालत होतं हो!

टर्मिनलवाली
फोल्डरमध्ये बघ, ब्राउझरच्या दोन फायली असतील. एक तुझी नवीन सोर्सेस आणि एक लिस्ट, आजच्या तारखेची.

मिरजकर_पेंग्विन
आहेत!! लिस्ट कुठून आली? ती तर डॉट-बॅक झाली होती, तो बॅक पण आहे बाजूला.

टर्मिनलवाली
ब्राउझरचं पॅकेज अपडेट झालं ना रात्री. काही कंपन्यांच्या पॅकेजमध्ये इन्स्टॉल झाल्यावर चालणारी स्क्रिप्ट असते ती स्वतःची लिस्ट फाइल जागेवर आहे का बघते आणि नसली की नवीन लिहिते. तुझी सोर्सेस फाइल तिच्या गावीच नाही. आता एकाच पत्त्यासाठी एका फाइलमध्ये की दिलीय आणि दुसरीत काहीच नाही, त्या एररमध्ये बरोबर-नाहीच्या चिन्हापुढे रिकामं दिसतंय ते हेच. कुठलं खरं धरायचं आप्टला कळत नाही म्हणून ते हात वर करतं. दोन्हीकडे साइन्ड-बाय सारखं असतं किंवा दोन्हीकडे नसतं तर नुसती वॉर्निंग आली असती की टारगेट दोनदा कॉन्फिगर केलंय.

यावर दोन उपाय. एक म्हणजे तुझी ती सोर्सेस फाइल काढून टाक आणि रेपो त्यांच्या लिस्ट फाइलवर सोडून दे, त्यांना पाहिजे तेव्हा ते बदलतील. दुसरा म्हणजे ती स्क्रिप्ट कुठली सेटिंग वाचते ते बघ, ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरात त्या पॅकेजच्या नावाची फाइल असली तर त्यात रेपो आपोआप घालायचं बंद करता येतं का ते पाहा. मी स्वतः पहिलाच करते. पॅकेज जी फाइल स्वतः सांभाळतं तिच्यात आपण लुडबुड करायची नाही, परत परत तेच उपसावं लागतं.

ठाणेकर_रूट
+१. मॉडर्नाइझ कमांडला काय माहीत कुठली फाइल कुणाची. ती लिस्ट दिसली की बदलते.

मिरजकर_पेंग्विन
पहिला उपाय केला, आप्ट पूर्वपदावर. आता प्रिंटर. त्याची रेपो ओळ विचित्र आहे, पत्ता आणि पुढे नुसतं टिंब-स्लॅश, मेन वगैरे काहीच नाही. आणि साइन्ड-बाय रिकामं राहिलं होतं म्हणून त्यांच्या साइटवरून की आणून ईटीसी आप्ट कीरिंग्समध्ये ठेवली, पाथ दिला. तरी आप्ट म्हणतं नो_पबकी, म्हणजे की सापडली नाही. फाइल तिथेच आहे, कॅट करून दिसतेय मला!

टर्मिनलवाली
पहिलं, ती फ्लॅट रेपो आहे, म्हणजे सूट-कंपोनंटची विभागणी नसलेली. सूट्समध्ये तेच टिंब-स्लॅश लिहायचं आणि कंपोनंट्स ही ओळ ठेवायचीच नाही. सूट स्लॅशने संपला आणि खाली कंपोनंट्स दिले तर आप्ट अडून बसतं.

दुसरं, नो_पबकी. एलएस एल करून परमिशन सांग. आणि की ची फाइल टेक्स्ट आहे का बायनरी, आणि नाव काय दिलंयस?

मिरजकर_पेंग्विन
परमिशन ६००, मालक रूट. कॅट केल्यावर बिगिन पीजीपी पब्लिक की ब्लॉक असं दिसतंय. नाव प्रिंटर-डॉट-जीपीजी.

टर्मिनलवाली
दोन्ही चुकलंय मग.

तू रूट आहेस म्हणून तुला दिसते. आप्ट सह्या तपासताना रूट नसतं, अंडरस्कोर-आप्ट नावाचा एक बिनअधिकाराचा यूजर आहे त्याच्या नावाने काम करतं, आणि त्याला ६०० ची फाइल वाचता येत नाही. ऑफिसच्या मशीनवर रूटचा यूमास्क (नवीन फाइलची परमिशन ठरवणारी सेटिंग) ०७७ ठेवलेला असेल, हार्डनिंगच्या चेकलिस्टमध्ये असतं ते, त्यामुळे जी फाइल करशील ती अशीच होणार. चेमॉड ६४४ कर, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. कीरिंग्स हा फोल्डर पण बघ, तू स्वतः केला असशील तर तो ७०० असेल, त्याला ७५५ कर.

नावाचं म्हणशील तर आप्ट शेपटी बघून ठरवतं. टेक्स्टमधली आर्मर्ड की असेल तर डॉट-एएससी, बायनरी असेल तर डॉट-जीपीजी. तुझी टेक्स्ट आहे, एएससी कर. किंवा जीपीजी डीआर्मर करून बायनरी बनव, पण कशाला उगाच, एएससी पुरते.

आणि जीपीजी शो-कीज ने फिंगरप्रिंट (कीची ओळख पटवणारा लांब आकडा) बघ, त्यांच्या साइटवर दिलेल्याशी आकडा आकडा ताडून बघ. साइन्ड-बायचं सगळं कौतुक याच्यावर आहे, चुकीचीच की बांधली तर काय उपयोग.

मिरजकर_पेंग्विन
६४४ आणि एएससी केलं, नो_पबकी गेला. पण आता नवीनच. साइनिंग की इज नॉट बाउंड, पुढे लांबलचक, शेवटी एसएचए१ सुरक्षित मानलं जात नाही सिन्स २०२६-०२-०१. म्हणजे कालपर्यंत सुरक्षित होतं का?

ठाणेकर_रूट
हाहा. हो, पॉलिसीमध्ये तारीखच घातलीय.

डेबियन १३ मध्ये आप्ट सह्या तपासायला जीपीजीव्ही नाही वापरत, एसक्यूव्ही वापरतं, रस्ट भाषेत लिहिलेल्या सेक्वोया प्रोजेक्टमधलं. ते कडक आहे. १ फेब्रुवारी २०२६ पासून ते अशा एसएचए१ (जुनी, कमजोर हॅश पद्धत) सह्या मानतच नाही. त्याच्या आधी वर्षभर वॉर्निंग देत होतं की पॉलिसी ही सही वर्षभरात नाकारणार आहे, ती ऑडिटमध्ये दिसते, आणि ऑडिट कोण वाचतो.

लक्षात घे, इथे रेपोची रोजची सही एसएचए१ची नसेल. की बनवताना तिने स्वतःवर जी सही केली ती जुनी आहे, दहा बारा वर्षांपूर्वी बनवलेली की असेल. तुझ्याकडून दुरुस्त होणारी गोष्ट नाही, त्यांनी की वर नवीन सही करून परत द्यायला पाहिजे. फिंगरप्रिंट तोच राहतो. साइटवर नवीन की फाइल ठेवलीय का बघ आधी, बऱ्याच ठिकाणी गुपचूप बदललीय.

कुणीतरी आता इथे येऊन सांगेल की ट्रस्टेड: यस टाक. टाकू नकोस. ते टाकलं की सही तपासणंच बंद.

जुनं_ते_सोनं
मीच सांगणार होतो. पण ऑफिसच्या आतल्या आत फाइल सर्व्हरवर स्वतःच बनवलेला रेपो असेल तर ट्रस्टेड यस चालतं की. इंटरनेटवरचा रेपो असेल तर नको, बरोबर.

मिरजकर_पेंग्विन
नवीन की होती साइटवर! डाउनलोड पानावर तळाला, जुनीची लिंक पण अजून वर तशीच आहे. फिंगरप्रिंट तोच. चाललं.

स्टुटगार्टची_वारी
मध्येच घुसतोय, आमच्याकडे हेच सगळं ॲन्सिबलने (अनेक मशीन्सवर एकदम काम करणारं साधन) शेकड्यावर सर्व्हरना करायचं होतं म्हणून थोडं लिहितो, कुणाला उपयोग होईल. आप्ट_की मॉड्यूल ट्रिक्सीवर गळपटतं कारण खाली आप्ट-की बायनरीच नाही. आप्ट_रिपॉझिटरी चालतं पण ते लिस्ट फाइल लिहितं. त्याऐवजी डेब८२२_रिपॉझिटरी मॉड्यूल घ्या, ॲन्सिबल-कोअर २.१५ पासून आहे, त्यात साइन्ड_बायला कीची यूआरएल दिली की ते स्वतःच आणून कीरिंग्समध्ये ठेवतं, परमिशनसकट, वरची ६०० ची भानगड होत नाही. फक्त ज्या मशीनवर चालवायचं तिथे पायथन३-डेबियन पॅकेज लागतं, ते आधीच्या टास्कमध्ये घाला नाहीतर पहिल्याच सर्व्हरवर आपटतं. आणि आधी तुमच्या प्लेबुकने बनवलेल्या जुन्या लिस्ट फायली स्टेट: ॲबसेंटने उडवायला विसरू नका, मॉड्यूल त्या काढत नाही, मग परत तेच कॉन्फ्लिक्टिंग व्हॅल्यूज.

दुसरं कंटेनरवाल्यांसाठी, डॉकरच्या डेबियन १२ पासूनच्या ऑफिशियल इमेजमध्ये ईटीसी-आप्टमध्ये सोर्सेस-डॉट-लिस्ट नाहीच आहे. आमच्या किती डॉकरफाइलींत सेड आय (फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड) करून मिरर बदलायची ओळ होती आणि बेस इमेज बदलल्यावर सगळ्या नो सच फाइलवर मेल्या. एका टीमने उपाय म्हणून टच करून रिकामी फाइल बनवली, सेड खुश, बिल्ड हिरवा, आणि मिरर बदललाच नाही, पॅकेजेस बाहेरूनच येत राहिली आणि महिनाभर कुणाला कळलं नाही. आता सेड सोर्सेस-डॉट-लिस्ट-डॉट-डीच्या डेबियन-डॉट-सोर्सेसवर मारायचं, किंवा सरळ आपली तयार फाइल कॉपी करायची, ते जास्त बरं.

नवखा_नांदेड
मी उबुंटू २४.०४ वर आहे, माझ्याकडे उलटाच प्रॉब्लेम आहे, यूट्यूबवर बघून सोर्सेस लिस्ट उघडली तर त्यात काहीच नाही नुसती कॉमेंट आहे. मला वाटलं उडाली म्हणून एका ब्लॉगवरून आख्खी यादी पेस्ट केली. आता अपडेट केलं की पानभर वॉर्निंग येतात कॉन्फिगर्ड मल्टिपल टाइम्स. कॉलेजची असाइनमेंट आहे मशीनवर काही गेलं नाही ना??

टर्मिनलवाली
काही नाही गेलं रे, शांत हो. त्या कॉमेंटमध्येच लिहिलं होतं की यादी आता सोर्सेस-डॉट-लिस्ट-डॉट-डीमधल्या उबुंटू-डॉट-सोर्सेसमध्ये गेलीय. २४.०४ मध्ये ते आधीपासूनच तसं आहे. तू जे पेस्ट केलंस ते पुसून टाक, वॉर्निंग जातील.

पण पुसण्याआधी बघ, तू पेस्ट केलेल्या ओळींत नोबलच (२४.०४ चं नाव) लिहिलंय ना का जॅमी का फोकल? जुन्या रिलीजची नावं असतील आणि मधे काही इन्स्टॉल केलं असशील तर सांग, मग आप्ट लिस्ट इन्स्टॉल्ड बघून आलेलं पॅकेज ओळखावं लागेल.

आणि आप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस शोधू नकोस, २४.०४ च्या आप्टमध्ये ती कमांड नाही, २५.०४ पासून आहे. तुला गरजही नाही. पीपीए पाहिजे असेल तर ॲड-आप्ट-रिपॉझिटरीनेच घाल, ते स्वतःच नवीन फॉरमॅटमध्ये लिहितं.

नवखा_नांदेड
नोबलच आहे. पुसलं, वॉर्निंग गेल्या. धन्यवाद ताई 🙏 मला वाटलं फॉरमॅट मारावं लागतंय.

ठाणेकर_रूट
२२.०४ वरून २४.०४ ला डू-रिलीज-अपग्रेड करणाऱ्यांनी पण लक्ष द्या, तो अपग्रेड बाहेरचे रेपो बंद करून ठेवतो. अपग्रेड झाल्यावर फोल्डरमध्ये जाऊन एनेबल्ड: नो कुठे कुठे आहे बघा, आणि त्या रेपोत नवीन रिलीजसाठी पॅकेजेस आहेत का ते बघूनच यस करा. माझ्या ओळखीत एकाकडे कॉल सेंटरचं सॉफ्टवेअर असंच बंद राहिलं, महिनोन् महिने अपडेट नाही आणि सगळे खुश की किती स्टेबल आहे.

जुनं_ते_सोनं
एक खरी अडचण सांगतो, थट्टा नाही. पूर्वी ग्रेप (फायलींत शब्द शोधणारी कमांड) मारलं की एका ओळीत पत्ता, रिलीज, सगळं दिसायचं. शंभर मशीन्सवरून एका झटक्यात गोळा करता यायचं कुठे काय लागलंय. आता ग्रेप ट्रिक्सी मारलं की नुसती सूट्सची ओळ येते, ती कुठल्या पत्त्याची ते कळत नाही. यावर काय करता तुम्ही लोक?

टर्मिनलवाली
हे बरोबर आहे तुमचं. मी फाइल ग्रेप करायचं सोडून दिलं, आप्टलाच विचारते. आप्ट-गेट इंडेक्सटारगेट्स, त्याला फॉरमॅट ऑप्शन देता येतो, साइट, रिलीज, कंपोनंट पाहिजे त्या क्रमाने एका ओळीत छापून घ्या. फायदा असा की बंद असलेले रेपो त्यात येतच नाहीत, आणि लिस्ट असो का सोर्सेस दोन्ही एकत्र दिसतात, अर्धी मशीन्स जुनी अर्धी नवी असली तरी एकच कमांड. नुसतं डोळ्यांनी बघायचं तर आप्ट-कॅश पॉलिसी, पॅकेजचं नाव न देता, त्यात पिनची प्रायॉरिटी पण दिसते.

जुनं_ते_सोनं
इंडेक्सटारगेट्स माहीत नव्हतं. चालवून बघितलं. चांगलंय. (फॉरमॅटबद्दलचं मत कायम.)

मिरजकर_पेंग्विन
शेवटचा प्रश्न. उरलेली मशीन्स अजून १२ वर आहेत, ती मार्च संपल्यावर घेणार, आत्ता रिटर्नच्या गडबडीत कोण हात लावणार. त्यांच्यावर ही कमांड नाहीये, टाकून बघितली. १३ वाली सोर्सेस फाइल तिकडे चालेल का, नुसतं नाव बदलून?

आणि ट्रस्टेड-डॉट-जीपीजी-डॉट-डीमध्ये जुन्या कीज पडल्यात त्या काढल्या तर चालतील का?

टर्मिनलवाली
चालेल. १२ चं आप्ट २.६ आहे, सोर्सेस फाइल व्यवस्थित वाचतं. ट्रिक्सीच्या जागी बुकवर्म, ट्रिक्सी-अपडेट्स आणि ट्रिक्सी-सिक्युरिटी दोन्हीकडे बदल, नॉन-फ्री-फर्मवेअर तसंच राहू दे, ते १२ पासूनच वेगळं झालंय. जुनी सोर्सेस-डॉट-लिस्ट बाजूला कर, नाहीतर नांदेडवाल्या पोरासारखं दोनदा होईल. मग अपग्रेडच्या दिवशी परत एकदा नावं बदलायची, बस. १२ ची नेहमीची सिक्युरिटी सपोर्ट जून २०२६ पर्यंतच आहे, पुढे एलटीएस (लांब मुदतीचा वेगळा सपोर्ट), त्यामुळे मार्चनंतर फार लांबवू नकोस.

कीजचं, प्रत्येक फाइलवर डीपीकेजी डॅश एस मारून बघ. मालक पॅकेज निघालं, म्हणजे डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग वगैरे, तर हात लावू नकोस. मालक कुणीच नसेल तर ती तू किंवा तुझ्या आधीच्या माणसाने आप्ट-कीने घातलेली आहे. सगळ्या रेपोंना साइन्ड-बाय लागल्यावर तिचं काही काम नाही, बाहेर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलव, आप्ट अपडेट मार, काही ओरडलं नाही तर उडव.

मिरजकर_पेंग्विन
बिनमालकाच्या पाच निघाल्या, त्यातली एक तर अशा कंपनीची आहे जिचं सॉफ्टवेअर आम्ही कधीच काढून टाकलंय. हलवल्या, अपडेट शांत. आता ॲन्सिबल शिकायला लागतो, स्टुटगार्टवाले दादा, वेगळा धागा काढला तर याल का तिकडे?

स्टुटगार्टची_वारी
काढा, येतो. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर, म्हणजे तुमच्याकडे मध्यरात्र जवळ आलेली असेल, उत्तर सकाळी वाचा.